सल्ला हवा: एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना रुग्णांशी इंग्रजीत बोलायला कसे शिकवावे?

भाषाशिक्षक:
मी एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या ३० विद्यार्थ्यांना रुग्णांशी इंग्रजीत बोलण्याचा सराव देण्यासाठी मला १० तासिका मिळाल्या आहेत. काहींना पुढे ब्रिटनला जायचे आहे, तर काहींना गोव्यात किंवा मुंबईत, जेथे परदेशी रुग्ण येतात अशा रुग्णालयांत काम करायचे आहे. त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजीतच असल्यामुळे वाचनाची अडचण नाही; परंतु रुग्णाची भूमिका करणारा समोर बसला की ते एकामागून एक प्रश्न विचारत सुटतात आणि उत्तर पूर्ण होण्याआधीच पुढच्या प्रश्नाकडे वळतात. महाविद्यालयाने एकूण २०,००० रुपये मंजूर केले असून त्यात वाढ होणार नाही. कोणता अभ्यासक्रम, साहित्य किंवा पद्धत निवडावी?

सोलापूरचे_पालक:
सर, डोळे झाकून ओईटीचा, म्हणजे आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेचा, वर्ग लावा. माझी कन्या पहिल्याच प्रयत्नात चारही विभागांत बी श्रेणी मिळवून उत्तीर्ण झाली आणि आज ती इंग्लंडमध्ये आहे. चांगल्या वर्गाची फी भरायची तर आपली संपूर्ण रक्कम एक-दोन विद्यार्थ्यांवरच संपेल, हे मला मान्य आहे. पण शिक्षणाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिजिओ_नागपूर:
ओईटीच कशासाठी? ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजी परीक्षाही स्वीकारते, एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ गुण असले की झाले. मी स्वतः आयईएलटीएस दिली होती आणि माझे काहीही अडले नाही.

सोलापूरचे_पालक:
आयईएलटीएसमध्ये परीक्षक कोणत्याही सर्वसाधारण विषयावर बोलायला लावतात. ओईटीत परीक्षा घेणारी व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते आणि सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग होतात. या दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही.

मँचेस्टरहून:
दोघांनीही परीक्षेचा विषय काढला आहे, म्हणून त्याच अंगाने सांगतो. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी येथे होणाऱ्या प्लॅब २ या प्रात्यक्षिक परीक्षेत १६ प्रसंग असतात आणि प्रत्येकाला ८ मिनिटे मिळतात. भारतातून आलेले उमेदवार तेथे अडतात ते बहुधा व्याकरणामुळे नव्हे. आजाराबद्दल रुग्णाची स्वतःची समजूत काय आहे, त्याला कशाची धास्ती वाटते आणि आपल्याकडून त्याची अपेक्षा कोणती, या तीन गोष्टी विचारायच्याच राहून जातात. कारण आपल्या ओपीडीतील गर्दीत त्या विचारण्याची सवयच लागलेली नसते. सर, पहिल्या दोन-तीन तासिका फक्त याच तीन प्रश्नांवर खर्च करा. इंग्रजी उच्चार ब्रिटिश असण्याची मुळीच गरज नाही. बोलणे सावकाश आणि स्पष्ट असले की पुरते.

वॉर्डातली_ताई:
मला हा सगळा धागाच उलटा वाटतो. आमच्या वॉर्डात रुग्ण येतात ते बीड आणि जालन्याच्या खेड्यांतून. परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचे मराठी कळत नाही आणि मग दुभाषाचे काम आम्हा सिस्टर लोकांच्या गळ्यात पडते. आधी त्यांना मराठी शिकवा, इंग्रजीचे नंतर पाहता येईल.

मँचेस्टरहून:
ताई, आपला मुद्दा अगदी रास्त आहे, पण सरांना तासिका इंग्रजीसाठी मिळाल्या आहेत. शिवाय मध्येच न तोडता ऐकण्याची सवय लागली, तर ती मराठी बोलतानाही उपयोगीच पडेल.

यंत्रप्रेमी:
बोलणारा पुतळा विकत घ्यावा. नाडी, श्वास, खोकला असे सर्व काही त्यात असते आणि दूरच्या माइकवरून शिक्षक त्याच्या तोंडून बोलू शकतात. किंमत लाखांत जाते खरी. आमच्याकडे आहे, फक्त तो ठेवलेल्या खोलीची किल्ली विभागप्रमुखांकडे असते आणि ते बहुधा रजेवर असतात.

जनऔषध_व्याख्याता:
किल्लीचा विषय बाजूला ठेवून काही उपयोगाचे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दृष्टिकोन, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठीचे एटकॉमचे तास दरवर्षी वेळापत्रकात असतातच. त्या शिक्षकांशी बोलून घेतल्यास आपल्या १० तासिकांना जोड मिळेल आणि तोच विषय दोनदा शिकवला जाणार नाही. दुसरी गोष्ट, संवादाचा सांगाडा म्हणून कॅल्गरी-केंब्रिज पद्धत घ्यावी: सुरुवात, माहिती मिळवणे, तपासणी, समजावून सांगणे आणि समारोप असे तिचे टप्पे आहेत, आणि रुग्णाशी नाते जोडण्याचे काम या सर्व टप्प्यांतून चालू राहते. तिसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना बेकमन आणि फ्रँकेल यांचा १९८४ चा अभ्यास सांगावा. त्यात डॉक्टरांनी रुग्णाचे सुरुवातीचे निवेदन सरासरी १८ सेकंदांत तोडल्याचे आढळले होते. रुग्ण म्हणून मात्र बाहेरची माणसे आणावीत, उदाहरणार्थ निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी. वर्गमित्र रुग्ण झाला की तो न विचारताच सगळी लक्षणे क्रमाने सांगून टाकतो.

हौशी_रंगकर्मी:
बाहेरचीच माणसे आणायची तर नटांना बोलवावे, आम्ही आनंदाने येऊ. एका महाविद्यालयात आमच्या मंडळातील एका कलाकाराने कर्करोगाचे निदान ऐकणारा रुग्ण इतका परिणामकारक वठवला, की विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि डॉक्टर झालेल्या मुलाला पुढचे वाक्यच आठवेना.

फिजिओ_नागपूर:
म्हणजे सरावाचा उद्देश तेथेच बारगळला.

गोवेकर_इंटर्न:
वरील सर्वांशी सहमत आहे, बाहेरचे रुग्णच आणावेत. एक भर घालतो: आमच्याकडे येणाऱ्या रशियन पर्यटकांचे इंग्रजीही बेताचेच असते. त्यामुळे औषध कसे घ्यायचे हे सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी होकारार्थीच येते. ते आता कसे घेणार, हे रुग्णालाच त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. यासाठी एक पैसाही लागत नाही.

भाषाशिक्षक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारांती मी ओईटीचा वर्ग, पुतळा आणि नट यांपैकी काहीही घेणार नाही, आणि बहुमताच्या विरोधात जाऊन रुग्णाची भूमिकाही विद्यार्थ्यांकडेच देणार आहे. वर्गमित्र सगळे आपणहून सांगून टाकतो, ही अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर एक गोष्ट अशी असेल की जी डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याने मोकळा प्रश्न विचारून वाट पाहिली, तरच सांगायची. पोटदुखीच्या रुग्णाने नोकरी गेल्याचे घरी लपवले आहे, किंवा मधुमेही बाईंनी शेजारणीच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या आहेत, अशा स्वरूपाची. रुग्ण होऊन बसलेल्या विद्यार्थ्याला, आपले म्हणणे कोठे तोडले गेले, हे माझ्या व्याख्यानापेक्षा लवकर कळेल असा माझा अंदाज आहे. इंटर्न महोदयांची सूचना मात्र जशीच्या तशी घेत आहे. खर्च कार्डांच्या छपाईवर आणि विद्यार्थ्यांच्या संमतीने चित्रीकरण करण्यासाठी एक ट्रायपॉड व माइक यांवर होईल. उरलेली रक्कम परत करीन.

सोलापूरचे_पालक:
रक्कम परत केलीत तर पुढच्या वर्षी तेवढीही मिळणार नाही.

फिजिओ_नागपूर:
कार्डे तयार झाली की येथे टाकाल का? कंबरदुखीचे दोन-तीन प्रसंग घातलेत, तर आमच्या विद्यार्थ्यांनाही वापरता येतील.