मदत हवी आहे: सीसीआर७ दिसतच नाही (फ्लो सायटोमेट्री), अर्जंट

वैतागलेली_पेशी
फ्लोवाले (पेशींना चमकणारे रंग लावून लेझरने मोजणारे) कुणी असाल तर लवकर सांगा, बुधवारी समितीपुढे बसायचंय. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींचं पॅनल आहे, म्हणजे एकाच नळीत अनेक मार्कर, प्रत्येकाला वेगळा रंग. सीसीआर६ आणि सीएक्ससीआर३ हे पेशीवरचे केमोकाइन रिसेप्टर ठीकठाक येतायत, त्यांचाच भाऊबंद सीसीआर७ (पेशीला लिम्फ नोडकडे नेणारा) मात्र झोपलंय. प्लॉटवर दोन गट वेगळे दिसायला हवेत, इथे एकच लांबुळका ढग. 'आहे' आणि 'नाही' यांच्यामधली रेघ मारायची कुठे? अँटिबॉडी नवीन आहे. मशीनही ठणठणीत, बाकीच्यांचा डेटा मस्त येतो. गाईड म्हणतात पुन्हा कर. केलं. तोच ढग.

रानवारा
अँटिबॉडीचा क्लोन (वाण) कुठला? तिला जोडलेला रंग कुठला? ताजं रक्त की गोठवलेल्या पेशी? डाग दिला (अँटिबॉडीने पेशी रंगवल्या) तो कुठल्या तापमानाला? हे नाही सांगितलं तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

लॅबचा_मामा
अँटिबॉडी बदल. ३डी१२ घे. आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच क्लोन चालतो. बाकी सगळे पैसे पाण्यात.

रानवारा
मामा, ताईंनी कुठला वापरलाय ते तरी कळू द्या. तोच असला तर?

वैतागलेली_पेशी
क्लोन जी०४३एच७. रंग एफआयटीसी. पेशी फायकॉलवर वेगळ्या करून गोठवलेल्या, द्रव नायट्रोजनमधून काढल्या. बाकी नेहमीसारखंच.

डॉ_खट्याळ
सीसीआर७ एफआयटीसीवर! आता सीडी३ पीईवर आहे एवढंच म्हणू नका.

वैतागलेली_पेशी
पीईवरच आहे. :( फ्रिजमध्ये होतं ते वापरलं. नवीन मागवायचं तर कोटेशन, तीन सह्या, कस्टम्स, आणि शेवटी कुरियरवाला वितळलेल्या जेलपॅकसकट खोका गेटवर टेकवून जातो. तुमच्याकडे येतं का वेळेवर?

डॉ_खट्याळ
ते दुःख सगळ्यांचं आहे. पण सीडी३ टी पेशीवर भरभरून असतं, त्याला एफआयटीसीसारखा मिणमिणता रंगही चालतो. केमोकाइन रिसेप्टर तुटपुंजे असतात, पीईसारखा झगझगीत रंग त्यांना द्यायचा. त्यात एफआयटीसीच्या खिडकीत (मशीन तो रंग मोजतं त्या प्रकाशपट्ट्यात) पेशींची स्वतःची चमकही जास्त, म्हणजे तुमचा सिग्नल त्या गोंगाटातच बुडाला. अदलाबदल करा: सीडी३ एफआयटीसीवर, सीसीआर७ पीईवर. प्रश्न मिटला.

रानवारा
नाही हो डॉक्टर, मिटला नाही. एफआयटीसीचा प्रकाश पीईच्या खिडकीत सांडतो. सीडी३ सारखं भरगच्च काही एफआयटीसीवर ठेवलं की शेजारच्या पीईत पसरट डाग पडणार, आणि नेमकं तिथेच तुम्ही मंद सीसीआर७ शोधणार. कॉम्पेन्सेशनने (सांडलेल्या प्रकाशाच्या वजाबाकीने) सरासरी जागेवर येते, पसारा जात नाही.
ताई, मशीनला व्हायलेट लेझर आहे का? आणि 'नेहमीसारखं' म्हणजे नक्की कसं?

सोलापूरकर_काका
नमस्कार. सीसीआर म्हणजे एचआयव्ही ज्या दारातून आत शिरतो तेच ना? माझ्या भाच्याचा सीडी४ चा रिपोर्ट आलाय, कुणी बघेल का?

डॉ_खट्याळ
काका, तो सीसीआर५. १९९६ मध्ये कळलं की डीएनएची ३२ अक्षरं गळालेली त्याच्या जनुकाची प्रत आईवडील दोघांकडूनही आली तर त्या माणसाला एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. 'बर्लिन पेशंट' म्हणून ओळखला जाणारा एचआयव्हीचा रुग्ण बरा झाला तो अशाच दात्याच्या मूळपेशींवर. पुढे २००७ मध्ये सीसीआर५ अडवणारं मॅराव्हिरॉक औषध बाजारात आलं. आपल्याकडे मात्र ही गळती फार विरळ, ती मुख्यतः युरोपातल्या लोकांत सापडते. गंमत म्हणजे

रानवारा
डॉक्टर, बुधवार! काका, रिपोर्ट इथे टाकू नका, भाच्याच्या डॉक्टरांनाच दाखवा.

वैतागलेली_पेशी
व्हायलेट आहे, पण त्यावर मेलेल्या पेशींचा अ‍ॅक्वा रंग घेतलाय. नेहमीसारखं म्हणजे पेशी वितळवल्या, धुतल्या, सगळ्या अँटिबॉडी एकत्र करून बर्फावर अर्धा तास, धुऊन फिक्स (पेशी रसायनाने आहेत तशा पक्क्या केल्या), मशीनवर. सगळे बर्फावरच करतात ना?

रानवारा
सापडलं. बरेचसे मार्कर बर्फावर चालतात, सीसीआर७ चालत नाही. हे रिसेप्टर पृष्ठभागावर ठाण मांडून बसत नाहीत. आत जातात, बाहेर येतात. बर्फावर ही ये-जा थांबते, मग त्या क्षणी बाहेर असतील तेवढेच रंगतात. ३७ अंशांवर ये-जा चालू राहते आणि जो जो बाहेर येतो त्याला अँटिबॉडी गाठते.
म्हणून आधी एकट्या सीसीआर७ चा डाग, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटं, नळी फॉइलमध्ये गुंडाळून. मग बाकीचं कॉकटेल खोलीच्या तापमानाला. फिक्स सगळ्यात शेवटी करताय ते बरोबर. बफरमध्ये सोडियम अझाईड आहे का बघा. ते पेशीची ऊर्जाच बंद पाडतं, मग ३७ अंशांचा उपयोग काय?
आणि अ‍ॅक्वा घेतलाय म्हणजे व्हायलेट लेझरवरच्या बीव्ही४२१ या झगझगीत रंगाची खिडकी रिकामी आहे! कुणाकडून तरी बीव्ही४२१ वरचं सीसीआर७ उसनं आणा. सीडी३ आहे तिथेच राहू दे.

लॅबचा_मामा
मी तेच म्हणत होतो, अँटिबॉडी बदल.
बाकी आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची, पण सीसीआर७ ला न धरणारी अँटिबॉडी) लावलाय का? त्याच्याशिवाय रेघ मारूच नये.

डॉ_खट्याळ
मामा, आयसोटाइपवर रेघ मारायचे दिवस गेले. एफएमओ लावा: सगळे रंग घालायचे, फक्त सीसीआर७ वगळायचं. शेजारच्या रंगांचा पसारा किती ते त्यातच दिसतं. आयसोटाइपच्या बाटलीवर रंग वेगळ्या प्रमाणात जोडलेला असतो, तो तुमच्या अँटिबॉडीसारखा वागेलच असं नाही.

लॅबचा_मामा
आमचे पेपर आयसोटाइपवरच छापून आलेत.

डॉ_खट्याळ
कधी?

रानवारा
दोघेही थांबा. नमुन्यातच कंट्रोल आहे. सीडी४ पेशींमधल्या सीडी४५आरए असलेल्या बहुतेक पेशी नाइव्ह (अजून शत्रूशी गाठ न पडलेल्या) असतात, त्यांच्यावर सीसीआर७ असायलाच हवं. बी पेशींवरही असतं. त्या दोन्ही रंगत नसतील तर तुमचा डागच बसलेला नाही. हे सीडी८ वर करू नका हं, तिथे सीडी४५आरए असूनही सीसीआर७ नसलेला मोठा गट असतो.
समितीत कुणी विचारलंच की सीडी४५आरए आणि सीसीआर७ हेच दोन मार्कर का, तर १९९९ चं सालुस्तो आणि लांझावेकिया यांच्या गटाचं काम दाखवा. शत्रू आधी पाहिलेल्या टी पेशींची सेंट्रल मेमरी आणि इफेक्टर मेमरी ही वाटणी सीसीआर७ वरूनच झाली.

नवी_मुंबईकर
एवढा खटाटोप कशाला? सीडी६२एल लावा, तेही लिम्फ नोडला जाणाऱ्या पेशींवरच असतं. स्वस्त, चमकदार.

रानवारा
ताज्या रक्तात चालेल. गोठवून वितळवलं की सीडी६२एल पेशीवरून गळतं. पर्याय हवाच असेल तर सीडी२७ घ्या.

नवी_मुंबईकर
मग पेशी वितळवून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. गोठवण्याने दबलेलं बरंच काही परत येतं.

लॅबचा_मामा
रात्रभर ठेवलं की त्या त्याच पेशी राहतात का? बाहेरून काही न देताही त्या बदलतात. वितळवा आणि लगेच रंगवा.

रानवारा
इथे मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ठेवा किंवा ठेवू नका, पण सगळ्या नमुन्यांना एकच नियम. अर्धे असे आणि अर्धे तसे केले तर फरक रोगाचा की रात्रीचा, कसं सांगणार? मी असते तर बुधवारपर्यंत रात्रीच्या भानगडीत पडले नसते.

सोलापूरकर_काका
सगळ्यांचे आभार. भाच्याला उद्या डॉक्टरांकडे नेतो. पण ही फायकॉल काय भानगड आहे?

नवी_मुंबईकर
काका, साखरेच्या घट्ट पाकासारखं द्रावण असतं. त्यावर रक्त अलगद ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. लाल पेशी तळाला जातात, आपल्याला हव्या त्या पांढऱ्या पेशी मधल्या पातळ थरात अडकतात. तो थर पिपेटने उचलायचा. हात थरथरला की गेलं.

वैतागलेली_पेशी
अपडेट देते. शेजारच्या लॅबमधल्या ताईने बीव्ही४२१ ची बाटली दिली, तळाला थोडंच उरलं होतं. ३७ अंशांवर १५ मिनिटं, अझाईड नसलेलं बफर, बाकी सगळं नंतर. ढग फुटला! दोन गट, मधे चक्क मोकळी जागा. नाइव्ह सीडी४ पेशी बरोबर वर बसल्यात. रानवारा ताई, तुमचे पाय कुठे आहेत?
एकच. सीएक्ससीआर३ मागच्या वेळेपेक्षा थोडं उतरलंय. त्याचंही ३७ अंशांवर करू का? आणि आधीच्या रनची कॉम्पेन्सेशन वापरली तर चालेल ना?

रानवारा
नाही चालणार. रंग बदललाय, एकेरी डागांचे कंट्रोल (एकेकच रंग लावलेले नमुने) नव्याने लावा, बीव्ही४२१ आणि अ‍ॅक्वा शेजारी आहेत. सीएक्ससीआर३ कुठल्या रंगावर आहे? पीई-साय७ सारखा जोडरंग असेल तर फिक्स केल्यावर आणि उजेडात तो तुटतो. या खेपेला फिक्स करून किती वेळाने मशीनवर नेलं?

वैतागलेली_पेशी
पीई-साय७ च आहे. मशीनचा स्लॉट दुसऱ्या दिवशी मिळाला. :(

रानवारा
मग सीएक्ससीआर३ ला ३७ अंशांवर नेऊन काही साधणार नाही. स्लॉट त्याच दिवशीचा घ्या, रात्री दहाचा मिळाला तरी.