मटणाचा तुकडा आणि होकार

लॉर्ड आणि मोलकरणीचं लग्न फक्त रोमँटिक कॉमेडीतच होतं असं आपल्याला वाटतं, पण इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या अप्पार्क या हवेलीचा किस्सा बघा ना. सर हॅरी फेदरस्टनहॉ, म्हणजे लॉर्ड नव्हे, बॅरोनेट, पिढीजात 'सर' पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खुर्ची नाही, तर हा सत्तरीतला रंगेल गडी स्वतःच्याच डेअरीतल्या मेरी अ‍ॅन बुलकच्या प्रेमात पडला, ती जेमतेम विशीतली. असं सांगतात की त्याने तिला म्हटलं, आत्ता उत्तर नको देऊस, होकार असेल तर आज जेवणात येणाऱ्या मटणाच्या तंगडीचा एक तुकडा कापून पाठव. आणि तंगडी आली ती कापलेलीच! बिचारी स्वयंपाकीण केवढी भडकली असेल.

१८२५ मध्ये लग्न झालं. बाईंना रीतभात शिकायला पॅरिसला धाडलं. १८४६ मध्ये म्हातारबा गेले ते अख्खी इस्टेट तिच्या नावावर ठेवून, आणि तिच्यानंतर इस्टेट गेली तिच्या बहिणीकडे. या बहिणीच्या काळात तिथली हाउसकीपर कोण, तर विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सची आई! ही क्लासची उलटापालट कुठल्या पटकथेत लिहिली असती तर आपणच म्हणालो असतो, काहीही दाखवतात राव.