मदत हवी आहे : रविवारच्या वादसभेसाठी सिंहासनाच्या वारसाबद्दल मुद्दे

घोडबंदरचा रहिवासी
नमस्कार. आमच्या संकुलाच्या वाचक मंडळाने येत्या रविवारी वादसभा ठेवली आहे आणि ‘सिंहासनाचा खरा वारस कोण?’ हा विषय दिला आहे. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. माझ्या वाट्याला आलेल्या बाजूसाठी ‘तो पुरुष आहे’ यापलीकडे एकही मुद्दा मला सुचत नाही, आणि एवढ्याच बळावर बोललो तर सभेतल्या महिला मला दुसरे वाक्य पूर्ण करू देणार नाहीत. मालिका सर्वांनी पाहिली असेलच, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. कृपया लवकर उत्तरे द्यावीत.

वाशीची वाचक
यात एवढे अवघड काय आहे? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला जॉन स्नो हा ऱ्हेगार आणि लियाना यांचा विवाहसंबंधातून जन्मलेला मुलगा आहे, म्हणून ऱ्हेगारच्या बहिणीच्या, म्हणजे डेनेरिसच्या आधी त्याचा हक्क येतो. मात्र त्याच्या युद्धकौशल्याचा उल्लेख टाळा. सहाव्या पर्वातील बास्टर्ड्सच्या लढाईत तो धाकट्या भावाला वाचवायला एकटाच धावत सुटला आणि आखलेली सगळी योजना तिथेच कोलमडली. सान्साने बोलावलेले व्हेलचे घोडेस्वार वेळेवर आले नसते, तर त्या दिवशी त्याचा अंत ठरलेला होता.

घोडबंदरचा रहिवासी
जॉन स्नोचा येथे काही संबंध नाही. मी ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’बद्दल विचारत आहे, हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. मला राजा व्हिसेरिसचा मुलगा एगॉन याची बाजू मांडायची आहे, त्याची सावत्र बहीण ऱ्हेनीरा हिच्या विरोधात.

नौपाडेकर
आता प्रश्न तरी कळला. तरीही दोन गोष्टी सांगा. वाद मालिकेवर आहे की मूळ पुस्तकावर? आणि निर्णय कोण देणार आहे? रूक्स रेस्टच्या लढाईचेच पाहा. पुस्तकात एगॉन आणि एमंड हे दोघे भाऊ ठरवून दबा धरून बसतात. मालिकेत एगॉन दारूच्या नशेत, कोणी बोलावलेले नसताना सनफायर या आपल्या ड्रॅगनवर बसून येतो आणि एमंड आपल्या व्हेगार या ड्रॅगनला जी आग ओकायला लावतो तिच्यात शत्रूबरोबर सख्खा भाऊही होरपळतो. तुमच्या नायकाची प्रतिमा या एका फरकाने पार बदलते.

घोडबंदरचा रहिवासी
फक्त मालिका, दुसऱ्या पर्वाच्या शेवटापर्यंत. परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांनी मालिका पाहिलेली नाही. प्रत्येकाला सहा मिनिटे मिळतील.

ऐरोलीचा धनुर्धर
एमंडने भावाला मुद्दाम जाळले हे नौपाडेकरांनी गृहीत धरले आहे. त्याच्यासमोर शत्रुपक्षाची ऱ्हेनीस आणि तिचा ड्रॅगन मेलिस होती, आणि एवढ्या उंचीवर दोन ड्रॅगन एकमेकांना भिडलेले असताना आग एकालाच लागेल अशी नेमबाजी व्हेगारकडून करून घेता येत नाही. त्या लढाईचे श्रेय खरे तर एगॉनचा सेनापती क्रिस्टन कोल याच्या आखणीला द्यायला हवे. लहानसा गड पुढे करून शत्रूचा मोठा ड्रॅगन बाहेर काढायचा, ही युक्ती पूर्णपणे यशस्वी झाली.

नौपाडेकर
नंतर जखमी एगॉनजवळ एमंड तलवार काढून उभा होता, तीही नेमबाजीची अडचण होती का?

बेलापूरचा वकील
लढाई बाजूला ठेवा, कारण रणांगणातील जयाने हक्क सिद्ध होत नाही. प्रश्नकर्त्यांना मुद्दा हवा आहे, आणि पहिल्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांतच तो ठेवलेला आहे. वृद्ध राजा जेहेरिसने 101 साली हॅरनहॉल येथे महासभा बोलावली. एक हजाराहून अधिक सरदार जमले, चौदा दावे ऐकले गेले आणि खरा विचार दोनच दाव्यांचा झाला : वयाने थोरली असलेली ऱ्हेनीस आणि पुरुष वंशजांतील थोरला व्हिसेरिस. सभेने व्हिसेरिसला निवडले. याच व्हिसेरिसने पुढे मुलगी ऱ्हेनीरा हिला वारस नेमले. आता ऱ्हेनीराच्या समर्थकांना एवढेच विचारा की, स्त्री म्हणून तिचा हक्क डावलता येत नसेल, तर ऱ्हेनीसचा हक्क तरी कोणत्या न्यायाने डावलला गेला? तो निर्णय चुकीचा असेल तर व्हिसेरिसची गादीच सदोष ठरते, आणि सदोष गादीवरील माणसाला वारस नेमण्याचा अधिकार उरत नाही. तो निर्णय योग्य असेल तर एगॉन वारस ठरतो. दोन्ही वाटांनी ऱ्हेनीराचा दावा अडतो.

वाशीची वाचक
वकीलसाहेब, सरदारांनी ऱ्हेनीरापुढे गुडघे टेकून घेतलेल्या शपथेचे काय? शपथ हा शब्द तुम्ही सोयीस्करपणे गाळला आहे.

बेलापूरचा वकील
गाळलेला नाही, त्याच्याकडे येतच होतो. शपथ पहिल्या भागाच्या शेवटी घेतली गेली. त्या वेळी व्हिसेरिसचा एगॉनची आई एलिसंट हिच्याशी विवाह झालेला नव्हता आणि एगॉनचा जन्मही झालेला नव्हता. राजाला मुलगा नसताना घेतलेली शपथ मुलगा झाल्यावरही बांधते का, हा वाद घालण्याजोगा प्रश्न आहे. तुमच्या विरोधकांचे उत्तरही सांगून ठेवतो : व्हिसेरिस पुढे कित्येक वर्षे जगला आणि त्याने वारस एकदाही बदलला नाही. त्यांच्याकडील सर्वांत मजबूत मुद्दा हाच आहे.

घोडबंदरचा रहिवासी
मग मृत्युशय्येवर राजाने एलिसंटला एगॉनचे नाव सांगितले, ते वापरू का?

कोपरीचा इतिहासप्रेमी
मुळीच वापरू नका. व्हिसेरिस तिला ऱ्हेनीरा समजून पूर्वज एगॉनच्या स्वप्नाबद्दल बोलत होता, हे प्रेक्षकाला माहीत आहे आणि दुसऱ्या पर्वात एलिसंटच्याही ध्यानात येते. शिवाय तुम्ही तो विषय काढताच समोरचा नवव्या भागातील बैठक काढील. एलिसंटचा पिता ऑटो हायटॉवर याने एगॉनच्या राज्यारोहणाची तयारी आधीच करून ठेवली होती, आणि आक्षेप घेणाऱ्या वृद्ध लायमन बीसबरीचे डोके मेजावर आपटून फुटले.

इंग्लंडच्या इतिहासात हेच घडले आहे आणि या कथेची प्रेरणाही तिथलीच आहे. पहिल्या हेन्रीचा मुलगा 1120 मध्ये जहाज बुडून गेला, म्हणून राजाने 1127 मध्ये सरदारांकडून मुलगी मटिल्डा हिच्या बाजूने शपथ घेतली. 1135 मध्ये राजा वारला तेव्हा त्याचा भाचा स्टीफन याने गादी घेतली, आणि राजाने शेवटच्या क्षणी आपला विचार बदलला होता असे सांगणारा साक्षीदारही पुढे आला. त्यानंतर सुमारे दोन दशके यादवी चालली. अखेर स्टीफननंतर मटिल्डाचा मुलगा राजा झाला.

नौपाडेकर
परीक्षकांनी मालिका पाहिली नसेल तर मटिल्डाही त्यांच्या ओळखीची असेलच असे नाही. त्यांना आपल्याकडचे उदाहरण द्या. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले होते, तरी बारभाईंनी 1774 मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांना, ते अवघे चाळीस दिवसांचे असताना, गादीवर बसवले. राज्याच्या कारभाऱ्यांनी एकत्र येऊन वारस ठरवणे हा आपल्याकडे कपटाचा नव्हे तर शहाणपणाचा नमुना मानला जातो. ऑटोच्या मंडळाला हीच पगडी घाला. आणि ठाणेकर श्रोत्यांसाठी एक वाक्य जास्त घाला : त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, ज्याच्या तटांत आज कारागृह आहे. साष्टी पुढे 1782 च्या सालबाईच्या तहातही परत मिळाली नाही. घरातला वारसावाद लांबला की प्रदेश तिसऱ्याच्या हाती जातो.

वाशीची वाचक
पगडी बसत नाही. बारभाईंनी मृत पेशव्याच्या औरस मुलाचा हक्क राखला, आणि ऑटोने राजाने नेमलेला वारस बाजूला सारून आपल्या नातवाला बसवले. मला मराठी उदाहरण द्यायचे असते तर ताराबाईंचे दिले असते. त्यांनी औरंगजेबाशी वर्षानुवर्षे झुंज दिली आणि 1707 मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांच्या बाजूला गेल्याने पारडे फिरले.

ऐरोलीचा धनुर्धर
त्यात तर माझेच म्हणणे सिद्ध होते. शेवटी लढाईनेच वारस ठरला.

बेलापूरचा वकील
ठरला नाही. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि 1731 च्या वारणेच्या तहाने त्यांच्या हद्दी आखून घ्याव्या लागल्या.

तुर्भ्याचा प्रवासी
सगळे वाचले. ही मालिका मराठीत ध्वनिमुद्रित झालेली कुठे मिळेल?

घोडबंदरचा रहिवासी
हा धागा त्यासाठी नाही. वकीलसाहेबांचा महासभेचा मुद्दा मी मुख्य धरत आहे आणि मृत्युशय्या वगळत आहे. बारभाईंचे उदाहरण सुरुवातीला घ्यावे की शेवटी?

नौपाडेकर
सुरुवातीला. मुख्याध्यापिकांचे लक्ष तिथेच वेधले जाईल.

बेलापूरचा वकील
शेवटच्या मिनिटात घ्या, म्हणजे वाशीच्या वाचकांनी आत्ता घेतला तो आक्षेप घ्यायला समोरच्याला वेळ उरणार नाही. तत्पूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मात्र पाठ करून जा, कारण तो येणारच : 101 सालची महासभा एवढी प्रमाण मानायची, तर व्हिसेरिसच्या मृत्यूनंतर हिरव्या पक्षाने, म्हणजे एगॉनच्या बाजूने, दुसरी महासभा का बोलावली नाही?