सीडी एकच, ग्रेड दोन: कॉइलनंतरच्या रिपोर्टवर किती विसंबायचं?

केळीबाग_रावेर: आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा (एन्युरिझम) मागच्या वर्षी फुटला. नाशिकला कॉइलिंग (फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो बंद करणं) झालं, आई वाचली. सहा महिन्यांनी अँजिओग्राफी केली. तिथल्या रिपोर्टात 'रेमंड-रॉय २' (फुगा किती बंद झाला याची १ ते ३ अशी ग्रेड), म्हणजे फुग्याच्या मानेशी थोडं रक्त शिरतंय. तीच सीडी जळगावात दुसऱ्यांना दाखवली, तर 'ग्रेड ३', म्हणजे फुग्याच्या पोटातही रक्त! एक म्हणतो वर्षाने या, दुसरा म्हणतो पुन्हा कॉइल. माझं स्पष्ट मत: ही ग्रेड म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

रेडिओलॉजीवाला_धुळे: भाऊ, रागावू नका, पण अंदाजपंचे नाही. २००८ सालच्या 'कॅरॅट' अभ्यासात फुटलेल्या फुग्यांवर उपचारानंतर पुन्हा फुटण्याचं प्रमाण पूर्ण बंद असेल तर १.१ टक्का, ९१ ते ९९ टक्के बंद तर २.९, ७० ते ९० असेल तर ५.९ आणि ७०च्या खाली १७.६ टक्के निघालं. किती बंद झालंय, याला अर्थ आहेच.

केळीबाग_रावेर: अर्थ आहे हे कबूल. पण ते टक्के, आणि आमच्याकडे आलाय फक्त एक आकडा. मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, हे दोन डॉक्टरांना सारखं दिसत नसेल तर तुमचे १.१ आणि १७.६ मी कुठे लावू?

रेडिओलॉजीवाला_धुळे: हा मुद्दा खरा. १ म्हणजे पूर्ण बंद, तो ओळखायला सोपा, भांडण २ आणि ३च्या सीमेवरच होतं. म्हणून तर २०१५ मध्ये ३चे दोन भाग झाले: रक्त कॉइलच्या वेटोळ्यांत असेल तर ३अ, फुग्याच्या भिंतीला लागून असेल तर ३ब. ३अ पुढे आपोआप बंद होण्याची शक्यता जास्त. तुमच्या रिपोर्टात अ-ब आहे का?

केळीबाग_रावेर: नुसतं ३.

कॅथलॅब_भुसावळ: मी तंत्रज्ञ आहे, बोलू का? प्लॅटिनमचा गोळा एक्स-रेला काळा डाग दिसतो. एक्स-रेची नळी पाच-दहा अंश फिरली की मान त्यामागे लपते. कॉइलिंगच्या वेळी जो कोन धरला होता तोच फॉलोअपला धरायला हवा, घाईत धरला जात नाही. मग फुगा तसाच आणि ग्रेड वेगळी. डॉक्टरांवर चिडू नका, फोटोतच मान झाकलेली असेल तर एकाच सीडीत दोघांना दोन तऱ्हेचं दिसणार.

तापीकाठ: मग एमआरए (एमआरआय मशीनवर रक्तवाहिन्यांचा फोटो) करा की! दरवेळी जांघेतून नळी कशाला? माझ्या काकूचं तर दरवर्षी एमआरएवरच बघतात.

कॅथलॅब_भुसावळ: साध्या कॉइलला चालतं. स्टेंट असेल तर त्याच्या आतला भाग एमआरएत पुसला जातो, आणि सीटीत कॉइलच्या रेघा इतक्या की विचारू नका. फ्लो डायव्हर्टर (रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारी दाट जाळी) असेल तर मापच निराळं, ओ'केली-मारोटा.

तापीकाठ: आते काय करानं मंग!

रेडिओलॉजीवाला_धुळे: कॉइलिंग संपल्यावरची शेवटची फिल्म आणि सहा महिन्यांची फिल्म, दोन्ही शेजारी लावून एकाच माणसाने बघायची. वाढलंय की तेवढंच आहे, हा प्रश्न ग्रेडपेक्षा मोठा. कॉइल दाबले जाऊन फुगा पुन्हा उघडत असेल तर तिथेच कळतं.

केळीबाग_रावेर: पहिली सीडी आम्हाला दिलीच नव्हती, नुसता छापील कागद दिला. मागायला उद्या नाशिकला जातोय. मिळाली की इथे लिहितो. तोवर माझं मत तेच आहे, जरा मऊ झालंय इतकंच.