बाल न्याय मंडळाकडून येणाऱ्या मुलांना रोपवाटिकेत काम : सरकारी पैसा मिळतो का?

मखमलाबादकर
मंडळी, मखमलाबादला माझी छोटी रोपवाटिका आहे. द्राक्षाचे डॉगरीज खुंट (यांच्यावर द्राक्षाची काडी कलम करतात), डाळिंबाची गुटी कलमं, थोडी शोभेची झाडं. ओळखीतल्या एका ताईंनी विचारलं, गुन्ह्याच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस काम शिकवाल का? माझी तयारी आहे. पण जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण, लक्ष ठेवायला एक माणूस, सगळं खिशातून कसं जमायचं? एका कार्यालयात गेलो. 'प्रस्ताव द्या.' दिला, तर 'आमच्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या खात्यात, बसत नाही.' मग कोणाच्या हेडमध्ये बसतं?

सिडको_नाशिक
स्पष्ट बोलतो. आमच्या गल्लीत कोयते नाचवून गाड्या फोडणारी पोरं हीच ना? माझा भाचा बारावी होऊन अंबडला हेल्परचं काम शोधतोय, त्याला कोणी जेवण-भाडं देत नाही. यांना कराच्या पैशातून कशाला?

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी
नोकरी याच खात्यात गेली, म्हणून जरा लांब लिहिते.

मखमलाबादकर, आधी कोणती मुलं ते विचारून घ्या. उंटवाडीच्या निरीक्षणगृहातल्या मुलांची बहुधा चौकशीच चालू असते, दोष ठरलेला नसतो. त्यांना आवड असेल तर शिकवा, राबवून घ्यायचं नाही. दुसरी मुलं म्हणजे २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली समाजसेवेचा आदेश झालेली, घरीच राहणारी, चौदा वर्षांवरची. बागेची निगा राखणं या आदेशात चांगलं बसतं, त्यामुळे तुमच्याकडे बहुतेक हीच येतील.

आणि पैशाचं घोडं इथंच पेंड खातं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून संस्थेत राहणाऱ्या मुलामागे महिन्याला ३००० रुपये येतात, केंद्र-राज्य ६०:४०. पोरगं घरी राहिलं की त्या रकमेतली दमडी त्याच्यामागे येत नाही. मग आदेश कसा पाळला जातो? कुठल्या तरी आवारात झाडू मारायचा आणि कागद भरून आणायचा. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या मी पाहिल्यात.

एका मुलाला मात्र माळ्याकडे लावता आलं. प्रकरणात चाकू होता, म्हणून माळी कलमाची सुरी द्यायला कचरत होता. सप्टेंबरात डॉगरीजवर कलम भरायची घाई असते. काडीला पाचर एका ओढीत तासायची, खुंटात बसवायची, पट्टी आवळायची. ढिली राहिली की काडी वाळलीच. पोरगं मान वर करत नव्हतं. पुढं कलम भरणाऱ्या टोळीत गेलं, कलमामागे पैसे घेऊ लागलं.

तेव्हा प्रस्तावात फावडी-कुदळी मागू नका, ती कोणीही देतं, फोटोसकट. शिकवणाऱ्याचं मानधन मागा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून सुरुवात करा, जिल्हा नियोजन समितीकडेही अर्ज टाका. कायद्याच्या कलम १०५ मध्ये राज्याच्या बाल निधीचीही तरतूद आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) चालेल, पण साहेब बदलला की आटतो, म्हणून भरवसा सरकारवरच.

फवारणी आणि जीएचं डिपिंग (घड वाढीच्या औषधात बुडवणं) या मुलांकडून अजिबात नको. अठराखालच्यांना धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. आणि व्हॉट्सॲपवर मुलांचे फोटो टाकू नका, त्यांची ओळख उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे.

सिडकोवाले दादा, तुमच्या भाच्याचं दुखणं खरं आहे. पण ते या मुलांचं भाडं तोडून बरं व्हायचं नाही. आणि गाड्या फोडणारं पोरगं आज ना उद्या तुमच्याच गल्लीत परत येणार आहे.

सिडको_नाशिक
पटलं असं नाही. पण कलमाचं काम भाच्याला शिकता येईल का?

मखमलाबादकर
पाठवा की, सप्टेंबरात माणसं कमीच पडतात. ताई, मानधन लिहितो, पण गाडीचं काय? गाडीचा आकडा बघून फाईल परत येईल.

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी
गाडी काढून टाका. सिटीलिंकचे, म्हणजे शहर बसचे, पास लिहा.