चावी घरात, तरी गाडी उघडते
‘गाडीला अलार्म आणि सेंट्रल लॉक आहे, मग चोरी टाळायला वेगळं काही नको’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. चावी नुसती जवळ असली की उघडणाऱ्या आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांना तेवढं पुरत नाही. गाडीचा चावी शोधणारा सिग्नल एरवी १-२ मीटरच पोचतो. चोर दोन उपकरणं वापरून तो घरातल्या चावीपर्यंत नेतात आणि गाडीला वाटतं, मालक शेजारीच उभा आहे. काच फुटत नाही, अलार्मही वाजत नाही.

आम्ही चावी दाराजवळच्या खुंटीला अडकवायचो, ते बंद केलं. आता दोन्ही चाव्या (दुसरी हमखास विसरली जाते) सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये असतात. पाऊच मात्र तपासून घ्या. चावी आत घालून गाडीपाशी उभं राहा. दार उघडलं तर तो बिनकामाचा. आमचा पहिला तसाच निघाला.