पेशंटचा रिपोर्ट नेमका कुणाकुणाला दिसायला हवा?

अबोली: परवा दवाखान्यात नंबर लावून बसले होते. काउंटरवरून आडनावासकट हाक आली, "तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आलाय, घेऊन जा!" बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. पहिल्या हाकेला कुणी उठलंच नाही. दुसऱ्या हाकेला एक माणूस उठला आणि रिपोर्ट न घेता सरळ बाहेर पडला. तपासणारा डॉक्टर सोडून कुणालाही ही माहिती दिसता कामा नये, असं माझं स्पष्ट मत. पटतं का?

रात्रपाळी: हाक मारणाऱ्याला झापलंच पाहिजे. पण "डॉक्टर सोडून कुणालाही" कसं जमणार? इंजेक्शन नर्स देते, भूल दुसराच देतो. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी कुलपात आणि पेशंट बेशुद्ध, मग? रात्री दोनला एक्स-रेचा फोटो सिनियरला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मी कितीदा तरी निभावून नेलंय.

अबोली: त्या फोटोच्या कोपऱ्यात नाव-वय असतं. झाकता?

रात्रपाळी: खरं सांगू? घाईत राहून जातं.

कोपऱ्यातला: नाव झाकूनही भागत नाही हो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. १९९७ च्या सुमारास त्यांनी २० डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) एवढंच जुळवून पाहिलं. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्या झिप कोडात राहणारे एकटे वेल्ड. सापडली की फाइल!
आणि फिनलंडचं वास्तामो आठवा. मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये थेट पेशंटनाच खंडणीच्या ईमेल आल्या. आपलं मन मोकळं केलेलं कुणीतरी विकायला काढतंय म्हणजे काय, विचार करा.

आकडेमोडे: मग संशोधनाला टाळं ठोकायचं का? सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं नातं डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये दाखवलं, ते इस्पितळातल्या पेशंटच्या माहितीवरच.

अबोली: त्या पेशंटना समोर बसून प्रश्न विचारले होते. माझं तरी दुसरं काय म्हणणं आहे? आधी विचारा, मग घ्या.

आकडेमोडे: लाखो जुन्या नोंदी असतील तर कुणाकुणाला विचारणार? निम्मे हयातही नसतील.

रात्रपाळी: बाहेरच्या चोरांचं एवढं चाललंय, घरातल्यांचंही बघा. आमच्याकडे कुणी फाइल उघडली याची कॉम्प्युटरवर नोंद राहते. नावाजलेलं कुणी अ‍ॅडमिट झालं की वॉर्डाशी संबंध नसलेलेही डोकावून जातात. नोंद आहे, पण ती तपासतो कोण?

अबोली: "डॉक्टर सोडून कुणालाही" मागे घेते. ज्याचं काम, त्याला दिसू दे.

रात्रपाळी: त्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर गोळ्या लगेच सुरू व्हायला हव्यात. त्याला कुणी फोन केला का?

अबोली: केला असेल तर त्याच काउंटरवरून, तेवढ्याच आवाजात.